वाइनमेकरसमोर नव्या सिंगल व्हिनयार्ड वाइन चाखताना : आधी नाक, मग कान

सिंगल व्हिनयार्ड म्हणजे एकाच बागेतल्या द्राक्षांची वाइन. वाइनमेकर तिची बाटली उघडतो, ओततो आणि ओतता ओतताच सांगू लागतो, ‘ही वरच्या बागेतली. चुनखडीची जमीन, चाळीस वर्षांच्या वेली.’ ऐकणारे माना डोलावतात, घोट घेतात, आणि प्रत्येकाला ग्लासात चुनखडी सापडते. पुढचा ग्लास ‘चिकणमातीतला, भरदार’ म्हणून येतो आणि तो भरदारच लागतो. दोन तासांनी वही भरलेली असते, पण त्यातलं बहुतेक लिखाण वाइनमेकरच्या तोंडचं असतं.

हे नवशिक्यांचंच होतं असं नाही. फ्रान्समधल्या बोर्दोत वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये वास नसलेला लाल रंग मिसळून दिला, तेव्हा त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. हा प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. नुसत्या रंगाने एवढं होत असेल, तर बाग लावणारा माणूस समोर बसून बोलत असताना काय होईल! म्हणून या बैठकीत क्रमाला सगळ्यात जास्त महत्त्व आहे. आधी चाखायचं, मग ऐकायचं, मग पुन्हा चाखायचं.

खालची मापं या बैठकीसाठी धरली आहेत: एक वाइनरी, द्राक्षाची एकच जात, एकच हंगाम, चार किंवा पाच बागांच्या वेगवेगळ्या वाइन, टेबलाशी जास्तीत जास्त सहा जण आणि हातात दोन तास. दोन जाती असतील तर दोन बैठका करा. जात बदलली की बागांची तुलना संपते.

## टप्पा १ : आठवडाभर आधी काय मागायचं

वाइनरीला कळवताना चार गोष्टी मागून घ्या.

१. प्रत्येक वाइनच्या दोन बाटल्या. दुसरी उघडायची नाही, हाताशी ठेवायची. पहिली बुचामुळे बिघडलेली निघाली आणि दुसरी नसली, तर त्या बागेबद्दल तुम्हाला काहीच कळणार नाही.

२. त्याच जातीची, त्याच हंगामातली, अनेक बागांची द्राक्षं एकत्र करून केलेली वाइनरीची नेहमीची वाइन. हा तुमचा मापाचा ग्लास. बहुतेक लोक हा मागतच नाहीत, आणि मग ‘या बागेत आम्लता जास्त आहे’ असं लिहितात. कशापेक्षा जास्त? वाइनरीची सर्वसाधारण चव माहीत असल्याशिवाय एका बागेचं वेगळेपण सांगता येत नाही.

३. प्रत्येक वाइन बाटलीत भरल्याची तारीख. भरताना वाइन पंपातून जाते, बऱ्याचदा गाळली जाते, वाइन टिकवणाऱ्या सल्फर डायऑक्साइडची मात्रा वाढवली जाते. त्यानंतर काही आठवडे तिचा वास मिटल्यासारखा असतो. चार ते सहा आठवड्यांच्या आत भरलेली वाइन असेल तर तारीख पुढे ढकला. पाचपैकी दोनच ताज्या भरलेल्या असतील तर अडचण आणखी वाढते, कारण त्या दोन बागा उगाच ‘अबोल’ ठरतात.

४. तांत्रिक पत्रक, बंद पाकिटात. तोडणीच्या तारखा, पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकी आम्लता तीव्र), एकूण आम्लता, उरलेली साखर, अल्कोहोल, नव्या लाकडाचं (म्हणजे नव्या लाकडी पिंपांचं) प्रमाण, हेक्टरी उतारा. हे सगळं लागणार आहे, पण सातव्या टप्प्यात. तोपर्यंत पाकीट टेबलाच्या कोपऱ्यात राहू द्या. वाइनरीच्या जाहिरातपत्रकातलं चवीचं वर्णन मात्र वाचूच नका, आधीही नाही आणि मधेही नाही.

‘नवी’ हा शब्दही तपासून घ्या. जर्मनीत व्हीडीपी या वाइन उत्पादकांच्या संघटनेतल्या वाइनरींची ग्रोसेस गेवेक्स (उत्तम बागांतली, गोड नसलेली) दर्जाची पांढरी वाइन लवकरात लवकर तोडणीनंतरच्या वर्षी १ सप्टेंबरला बाजारात येते. इटलीतल्या बारोलो या लाल वाइनला किमान ३८ महिने थांबावं लागतं आणि त्यातले १८ लाकडात काढावे लागतात. दोन्ही ‘नव्या’, पण पहिल्या वाइनकडून जी मोकळी फळचव अपेक्षित धरायची ती दुसरीकडून धरून चालत नाही.

तपासा : सगळ्या वाइन एकाच हंगामाच्या आहेत ना? एखाद्या बागेची वाइन वर्षभर उशिरा बाजारात येत असेल, तर तुम्ही बागांऐवजी पावसाची तुलना करत बसाल.

## टप्पा २ : टेबल, ग्लास, तापमान

प्रत्येकासमोर सगळ्या वाइनचे ग्लास एकाच वेळी मांडा. चार बागा आणि एक मापाची वाइन म्हणजे माणशी पाच ग्लास. एकच ग्लास विसळून पुन्हा पुन्हा वापरला तर तुलना आठवणीवर चालते, आणि वासाची आठवण फार तोकडी असते.

ग्लास एकाच आकाराचे हवेत. आयएसओ ३५९१ प्रमाणाचा चाखण्याचा ग्लास साधारण २१५ मिलीचा असतो आणि त्यात ५० मिली ओततात. मोठे ग्लास चालतील, पण मग सगळेच मोठे घ्या. चांगल्या वाइनला मोठा ग्लास आणि साध्या वाइनला छोटा, हा पाहुणचार इथे नको. मांडण्याआधी प्रत्येक रिकाम्या ग्लासाचा वास घ्या. कपाटाचा, खोक्याचा, साबणाचा वास हमखास सापडतो. असा ग्लास गरम पाण्याने विसळा आणि निथळू द्या. पुसायच्या फडक्याला कपडे धुण्याच्या पावडरीचा वास असेल तर तोही ग्लासात उतरतो.

ओतण्याचं गणित असं करा: पहिल्या फेरीला माणशी ४० मिली, नंतर ३० मिली ताजी. सहा जणांना ४२० मिली लागते. ७५० मिलीच्या बाटलीत ३३० मिली उरते. त्यातून तीन ग्लासांची परीक्षा आणि दुसऱ्या दिवशीचा घोट निघतो.

तापमानात लोक सगळ्यात जास्त चुकतात. पांढरी वाइन १० अंशांना ओता आणि १२ च्या आसपास तपासा. लाल वाइन १५ ला ओता, १७ ला तपासा. गार वाइनमध्ये वास दबतो, आम्लता आणि टॅनिनचा (साल, बिया आणि लाकडातून येणाऱ्या तुरट द्रव्याचा) तुरटपणा टोकदार होतो. गरम वाइनमध्ये अल्कोहोल नाकात चढतं. पण नेमक्या आकड्यापेक्षाही सगळ्या बाटल्या सारख्या तापमानाला असणं महत्त्वाचं आहे. एक बाटली फ्रिजच्या दारात आणि दुसरी आतल्या भिंतीशी ठेवलेली असेल, तर दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्याने एक बाग ‘कडक’ आणि दुसरी ‘मऊ’ वाटायला पुरतं. वीस सेकंदांत बाटलीचं तापमान सांगणारा साधा स्वयंपाकाचा थर्मामीटर जवळ ठेवा.

बाकीचं थोडक्यात. पांढरा कागद अंथरा आणि त्यावर ग्लासांचे क्रमांक लिहा. दोघांत एक पिकदाणी ठेवा. साधं पाणी आणि बिनमिठाचा, बिनमसाल्याचा पाव ठेवा. चीज ठेवू नका, चीजने टॅनिनची धार बोथट होते आणि प्रत्येक लाल वाइन चांगली लागते. फुलं, मेणबत्ती, अत्तर, हाताला लावायचं सुगंधी क्रीम, काहीही नको. दात घासून किंवा कॉफी पिऊन किमान तासभर झालेला असावा. टूथपेस्टमधल्या फेसाच्या द्रव्याने गोड चव दबते आणि कडवटपणा वाढतो, हे लक्षात न घेता कित्येक वाइन ‘कडू’ म्हणून लिहिल्या जातात.

सावधान : थुंकलं तरी थोडं अल्कोहोल तोंडाच्या आतल्या त्वचेतून आणि नकळत गिळलेल्या थेंबांतून शरीरात जातंच. बैठकीनंतर गाडी चालवू नका. घरी जायची सोय आधीच करून ठेवा.

## टप्पा ३ : बाटल्या उघडणं आणि दोष ओळखणं

पाऊण तास आधी सगळ्या बाटल्या उघडा आणि प्रत्येकीतून दोन चमचे वाइन ग्लासात घेऊन फक्त वास घ्या. हे काम एकानेच करावं, आणि शक्यतो तो एक जण वाइनमेकरच असावा. आपली वाइन नेहमी कशी लागते हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. दोष आहे एवढंच त्याने सांगावं, बाकी काही नाही.

शोधायचं ते असं:

- भिजलेला पुठ्ठा किंवा दमट बंद खोली, आणि फळाचा वास गायब : बुचातलं टीसीए हे रसायन. पहिल्याच हुंगण्यात पकडा. नाक काही क्षणांत त्याला सरावतं आणि मग वास ‘गेला’ असं वाटतं. तो गेलेला नसतो. बाटली बाजूला ठेवा, दुसरी उघडा.
- कुजलेलं अंडं किंवा ओढलेली काडेपेटीची काडी : हवा कमी मिळाल्याने आलेला गंधकाचा वास, स्क्रू कॅपच्या बाटल्यांत जास्त दिसतो. ग्लास जोरात फिरवा. दहा मिनिटांत उडाला तर काळजी नाही. कोबी किंवा लसणाकडे वळला तर तो सहसा जात नाही.
- कापून ठेवलेलं सफरचंद आणि वयाच्या मानाने तपकिरी रंग : हवा लागून बिघडलेली वाइन.
- नेलपॉलिश काढायच्या द्रवाचा वास : व्हिनेगरच्या वाटेवरचं आम्ल आणि त्याचं एस्टर (आम्ल आणि अल्कोहोलपासून बनणारं वासाचं संयुग). अगदी किंचित असेल तर काही वाइनरी तो चालवून घेतात.
- घोड्याचा तबेला, जखमेवरच्या पट्टीचा वास : ब्रेटॅनोमायसेस (थोडक्यात ब्रेट) हे यीस्ट.

शेवटच्या मुद्द्यावर जरा थांबायला हवं. पाच वाइनपैकी एकीतच तबेल्याचा वास आला, तर लोक तो ‘त्या मातीचा गुण’ मानून मोकळे होतात. ब्रेटॅनोमायसेस वस्ती करतं ते पिंपात. एका बागेची वाइन जुन्या, नीट स्वच्छ न झालेल्या पिंपांत गेली असेल, तर तिला तो वास येतो. पुढच्या वर्षी पिंपं बदलली की ‘मातीचा गुण’ नाहीसा होतो.

डिकँटरमध्ये (वाइनला हवा लागावी म्हणून वापरायच्या काचेच्या भांड्यात) ओतायची असेल तर सगळ्या ओता, नाहीतर एकही नको. ‘ही जरा बंद आहे, हिला हवा द्या’ असं म्हणून एकच वाइन डिकँट केली की तिथेच तुलना बिघडली.

## टप्पा ४ : क्रम ठरवा

पहिला ग्लास नेहमी मापाच्या वाइनचा. त्यानंतर हलक्यापासून भारीकडे. हा क्रम वाइनमेकरला ठरवू द्या, पण प्रश्न नीट विचारा. ‘चांगल्यापासून उत्तम’ असा क्रम मागू नका. ‘टॅनिन आणि अल्कोहोल कमी असलेल्यापासून लावता का?’ असं विचारा. पहिल्या पद्धतीत त्याची लाडकी वाइन शेवटी येते, आणि शेवटचा ग्लास नेहमीच मोठा वाटतो. तोवर तोंड टॅनिनला सरावलेलं असतं आणि मनही ‘आता खरी वाइन येणार’ म्हणून वाट पाहत असतं.

बागांची नावं कागदावर नकोत, फक्त क्रमांक. बाटल्यांना कागदी पिशव्या घाला किंवा टेबलाखाली ठेवा.

दोन जातींच्या दोन बैठका पाठोपाठ असतील, तर पांढऱ्या वाइन आधी आणि लाल नंतर, हा नियम पाळलाच पाहिजे असं नाही. फ्रान्सच्या बर्गंडी भागातल्या कित्येक तळघरांत लाल आधी आणि पांढऱ्या नंतर चाखायला देतात, कारण कमी टॅनिनच्या लाल वाइनपेक्षा तिथल्या पांढऱ्या वाइनची आम्लता आणि वजन तोंडात जास्त रेंगाळतं.

## टप्पा ५ : मूक फेरी

वीस मिनिटं. कुणीही बोलायचं नाही, हुंकारही नको, भुवयाही उंचावायच्या नाहीत. वाइनमेकरनेही बरोबर बसून स्वतःच्या वाइन तशाच मुकाट्याने चाखाव्यात. बहुतेक वाइनमेकरना ही कल्पना आवडते, फक्त आधी सांगून ठेवावं लागतं.

प्रत्येक ग्लाससाठी हाच क्रम:

१. न फिरवता हुंगा. हलके वास इथेच मिळतात, फिरवल्यावर ते झाकले जातात.

२. फिरवा, पुन्हा हुंगा. एक लांब श्वास घेण्यापेक्षा दोन-तीन छोटे घ्या.

३. मोठ्या चमच्याएवढा, १० ते १५ मिलीचा घोट. त्याहून छोटा घेतला तर तो लाळेतच विरतो. आठ-दहा सेकंद तोंडात फिरवा, ओठांतून थोडी हवा आत ओढा, थुंका.

४. थुंकल्यावर मान किंचित खाली करा आणि तोंडात लाळ किती वेगाने येते ते बघा. आम्लतेची ही सर्वांत सोपी मोजणी आहे. गोडव्याने जिभेला फसवता येतं, लाळेला तितकं नाही.

५. जीभ हिरड्यांवरून फिरवा. टॅनिन किती हे नंतर लिहा, आधी कुठे आणि कसं ते लिहा: हिरड्यांवर खरखर, गालाच्या आत कोरडेपणा, की जिभेवर मऊ मखमल.

६. घड्याळ बघून सेकंद मोजा. फळाची चव किती वेळ टिकली? आंबटपणा किंवा अल्कोहोलची धग टिकली तर ती मोजायची नाही.

दोन ग्लासांमध्ये पाणी, पावाचा तुकडा आणि निदान एक मिनिट विश्रांती. लाल वाइनसाठी दोन मिनिटं. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं आणि तुरटपणा घोटागणिक साठत जातो. घाई केली तर चौथी वाइन पहिलीपेक्षा तुरट वाटणारच, मग ती कोणत्याही बागेची असो.

आता वहीबद्दल. फळांची यादी करू नका. ‘चेरी, रास्पबेरी, गुलाब, लवंग’ अशी दहा नावं लिहून दोन बागांमधला फरक सापडत नाही, कारण दोन्हींत चेरी असतेच. चार रकाने आखा: आम्लता, टॅनिन किंवा तोंडातला पोत, घोट तोंडात असताना जाणवणारं वजन, मागे उरणारी चव. प्रत्येक रकान्यात मापाच्या ग्लासाशी तुलना करा आणि अधिक, उणे किंवा बरोबर एवढीच खूण मांडा. वासासाठी शेवटी एक ओळ पुरे.

तपासा : तुमच्या वहीत सगळ्या ग्लासांपुढे ‘अधिक’च आहे का? तसं असेल तर एक तर मापाचा ग्लास गार होता, नाहीतर तुम्ही पाहुण्यासारखं लिहिताय.

## टप्पा ६ : उलटी फेरी, आणि तीन ग्लासांची परीक्षा

ताजी ३० मिली ओता आणि शेवटच्या ग्लासापासून पहिल्याकडे या. क्रम उलटल्यावर जे टिकतं ते वाइनचं, जे बदलतं ते क्रमाचं. पहिल्या फेरीत चौथा ग्लास ‘सगळ्यात भरदार’ होता आणि आता दुसरा वाटतोय? दोन्ही खोडा, प्रश्नचिन्ह लावा. एकूण खुणांपैकी निम्म्या जरी दोन्ही फेऱ्यांत सारख्या आल्या, तर हात बरा बसलाय समजा.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि आमच्या मते सगळ्यात जास्त शिकवून जाते ती हीच. ज्या दोन बागा तुम्हाला अगदी वेगळ्या वाटल्या, त्या निवडा. दुसऱ्याला पाठमोरं होऊन तीन ग्लास भरायला सांगा, प्रत्येकी २० मिली: दोनांत एक वाइन, तिसऱ्यात दुसरी. वेगळा ग्लास कोणता ते ओळखा. नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता तीनात एक. म्हणून एकदा जिंकून हुरळून जायचं नाही. सलग तीन वेळा बरोबर आलं तर नशिबाची शक्यता सत्तावीसात एक उरते. तिघांना ही परीक्षा द्यायची असेल तर एकेकदा द्या, बाटलीतली वाइन तेवढीच पुरते.

ओळखता नाही आलं तर वाईट वाटून घेऊ नका. शेजारशेजारच्या प्लॉटमधल्या, एकाच हाताने केलेल्या वाइन खरंच तितक्या जवळच्या असू शकतात. तेही एक उत्तरच आहे, आणि वाइनमेकरला ते ऐकण्यात रस असतो.

## टप्पा ७ : पाकीट उघडा आणि वाइनमेकरला बोलू द्या

आधी बागांची नावं जाहीर करा, मग पत्रक वाचा, मग प्रश्न. प्रश्नांचाही क्रम आहे: आधी तळघराचे, मग बागेचे. लोक नेमकं उलट करतात. जमिनीची गोष्ट ऐकायला रंगतदार असते, पण पिंपाचा फरक बाजूला काढल्याशिवाय जमिनीचा दिसत नाही.

तळघराचे प्रश्न:

- नवं लाकूड प्रत्येक बागेला किती टक्के? एका वाइनला २० आणि दुसरीला ६० असेल, तर लवंग, व्हॅनिला आणि बराचसा ‘भरदारपणा’ लाकडाचा धरा. पिंपाचा आकारही विचारा. २२५ लिटरच्या पिंपात वाइनला मिळणारा लाकडाचा स्पर्श ५०० लिटरपेक्षा बराच जास्त असतो.
- घड देठासकट घातले का, किती टक्के? देठांतून पोटॅशियम येतं, पीएच वर जातो, रंग थोडा उतरतो, मसाल्याचा वास आणि वेगळा तुरटपणा येतो.
- सालींवर किती दिवस ठेवली?
- मॅलिक आम्लाचं (सफरचंदातलं, तीक्ष्ण) लॅक्टिकमध्ये (दह्यातलं, मऊ) रूपांतर पूर्ण झालं, की एखाद्या वाइनमध्ये थांबवलं?
- उरलेली साखर किती? युरोपीय संघाच्या नियमांत लिटरला ४ ग्रॅमपर्यंतची वाइन कोरडी (म्हणजे गोड नसलेली), आणि आम्लता पुरेशी असेल तर ९ ग्रॅमपर्यंतचीही. रिझलिंग या पांढऱ्या जातीच्या दोन वाइन, दोन्ही लेबलवर ‘कोरड्या’, एकीत २ आणि दुसरीत ८ ग्रॅम. दुसऱ्या बागेचा ‘गोलवा’ कुठून आला ते कळलं.

इथे पीएचचे आकडे तुमच्या आम्लतेच्या रकान्याशी जुळवा. हे मोजमाप घातांकाचं आहे. ३.२ आणि ३.५ यांत अंतर छोटं दिसतं, पण हायड्रोजन आयनांचं प्रमाण दुपटीने बदलतं. एवढा फरक तुमच्या वहीत दिसला नसेल तर गोडवा किंवा तापमानाने तुम्हाला चकवलं.

मग बागेचे प्रश्न. तोडणीची तारीख आधी विचारा, कारण दहा दिवसांचं अंतर जमिनीइतकंच बोलतं. ‘ही बाग उशिरा पिकते म्हणून उशिरा तोडली, की तुम्ही मुद्दाम थांबलात?’ पहिलं उत्तर बागेचं, दुसरं माणसाचं. त्यानंतर उंची (दर १०० मीटरला हवा साधारण ०.६ अंशाने थंड होते), उताराचं तोंड कोणत्या दिशेला, वेलींचं वय, खुंट, क्लोन (एकाच मूळ वेलीपासून कलमाने वाढवलेल्या वेली), हेक्टरी उतारा. दोन बागांत क्लोन वेगळे असतील तर तो फरकही मातीच्या खात्यावर मांडू नका.

आणि माती. दगडाची चव मुळांतून चढून ग्लासात उतरत नाही. मुळं घेतात ते पाणी आणि त्यात विरघळलेली पोषकद्रव्यं. माती काम करते ती पाण्याच्या वाटेने. खडीची जमीन लवकर निचरते आणि तापते, चिकणमाती पाणी धरते आणि थंड राहते. पाण्याचा ताण पडला की मणी लहान राहतो, रसाच्या मानाने साल जास्त, म्हणजे टॅनिनही जास्त. म्हणून ‘इथे कोणता खडक आहे?’ याऐवजी ‘उन्हाळ्यात या बागेला पाण्याचा ताण कधी पडतो?’ असं विचारा. उत्तर लगेच ग्लासाशी जुळवता येतं.

शेवटी, लेबलवरच्या नावाखाली नेमकं काय आहे? अमेरिकेत बागेचं नाव घालायला किमान ९५ टक्के वाइन त्याच बागेच्या द्राक्षांची लागते, म्हणजे पाच टक्के बाहेरचं चालतं. बर्गंडीतलं क्लो द व्हुजो हे नाव एक, क्षेत्र सुमारे ५० हेक्टर, मालक सुमारे ८०. तिथे वरच्या आणि खालच्या भागात जमीनही एक नाही. म्हणून विचारा: पूर्ण बाग घेतली, ठरावीक ओळी घेतल्या, की त्या बागेतली सर्वांत चांगली पिंपं निवडली? तिसरं उत्तर आलं तर तुम्ही बागेइतकीच निवडणाऱ्याची जीभ चाखताय. त्यात गैर काही नाही, पण वहीत तसं लिहा.

‘तुमची आवडती कोणती?’ हा प्रश्न वाया जातो. त्याऐवजी ‘यातली कोणती वाइन वेगळी बाटलीबंद करायची की नाही, याबद्दल तुम्ही सगळ्यात जास्त घुटमळलात?’ असं विचारून बघा. उत्तरात त्या हंगामाची अडचण, बागेचा स्वभाव आणि वाइनमेकरचा प्रामाणिकपणा, तिन्ही दिसतात.

सावधान : दोष सांगायचा असेल तर निदान करू नका, जाणवलं ते सांगा. ‘तिसऱ्यात मला पट्टीसारखा वास येतोय, तुम्हालाही येतो का?’ असं म्हटलं की बोलणं चालू राहतं. ‘यात ब्रेट आहे’ म्हटलं की थांबतं.

## टप्पा ८ : ऐकल्यानंतरचा घोट

आता सगळे ग्लास पुन्हा एकदा, या वेळी माहितीसकट. वेगळ्या रंगाच्या शाईने लिहा. जुनी खूण खोडू नका. नव्या शाईत जे जास्तीचं आलं ते ऐकण्यातून आलं, आणि त्यातलं काही खरंही असतं: नाकाला वास मिळालेला असतो, नाव मिळालेलं नसतं. पण पहिल्या दोन फेऱ्यांत ज्याचा मागमूस नव्हता असा मोठा गुण आता अचानक सापडला, तर त्यावर विश्वास ठेवायची घाई नको.

## पिंपातला नमुना असेल तर

कधी कधी वाइन अजून बाटलीत गेलेलीच नसते. मग एका पिंपातून काढलेला नमुना स्वीकारू नका. नव्या पिंपातून काढला तर नुसतं लाकूड, जुन्यातून काढला तर नुसतं फळ. अंतिम वाइनमध्ये नवं-जुनं ज्या प्रमाणात जाणार आहे, त्या प्रमाणात मिसळून द्यायला सांगा. नमुना काढल्यापासून काही तासांतच तो हवेने थकतो, त्यामुळे आदल्या दिवशी भरलेली छोटी बाटली नको. जिभेवर बारीक चुणचुण जाणवली तर तो विरलेला कार्बन डायऑक्साइड आहे, त्याला आम्लता समजू नका. बाटलीतल्या वाइन आणि पिंपातले नमुने एकाच फेरीत तर मुळीच मांडू नका.

## टप्पा ९ : दुसऱ्या दिवशी

उरलेल्या बाटल्यांना बूच लावून फ्रिजमध्ये उभ्या ठेवा. सगळ्यांत साधारण सारखीच वाइन उरलेली असावी, नाहीतर जास्त रिकामी बाटली लवकर उतरेल आणि दोष बागेला जाईल. चोवीस तासांनी पुन्हा त्याच तापमानाला आणा, क्रमांक लपवा, २० मिली ओता.

तीन गोष्टी बघा. काल मिटलेली कोणती आज उघडली? काल खुललेली कोणती आज सपाट झाली? लाकडाचा वास फळाच्या पुढे गेला की मागे राहिला? काल शेवटच्या क्रमांकावर टाकलेली वाइन दुसऱ्या दिवशी वर येणं नेहमीचं आहे, विशेषतः आम्लता जास्त आणि वास कमी असलेली. उघडी वाइन एका दिवसात टिकली म्हणजे बंद बाटली दहा वर्षं टिकेल असा हिशेब मात्र मांडता येत नाही. एवढंच कळतं की ती हवेला घाबरत नाही.

न उघडलेल्या दुसऱ्या बाटल्या परत द्या किंवा विकत घ्या. ठेवल्यात तर सहा महिन्यांनी, जुनी वही न उघडता, पुन्हा मूक फेरीपासून सुरू करा.